दहा हजारांतला फोन खेड्यात तीन वर्षं टिकेल का, हे दुकानातच कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळच्या राळेगाव तालुक्यातलं गाव, बजेट दहा ते अकरा हजार, दुकानदार ‘८ जीबी रॅम, ५० मेगापिक्सेल, ५जी’ म्हणून एक फोन पुढे सरकवतोय. काम म्हणजे व्हॉट्सॲप, पैशांची देवघेव, ई-पीक पाहणी, संध्याकाळी थोडं युट्यूब. तीन वर्षं काढायची आहेत. घ्यावा का?

त्या तीन आकड्यांवर काहीच ठरत नाही. या किमतीतला कुठलाही नवा फोन दुकानाच्या गारव्यात, रिकाम्या मेमरीवर आणि तालुक्याच्या भरपूर रेंजमध्ये चांगलाच चालतो. मेमरी भरल्यावर, वावरात एका काडीच्या रेंजवर आणि मे महिन्याच्या उन्हात तो काय करेल, हे बघायचं असतं. त्यातलं बरंचसं दुकानात उभ्याउभ्या कळतं, फक्त अर्धा तास द्यावा लागतो. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

आधी रॅमचं, म्हणजे चालू ॲपना काम करायला लागणाऱ्या तात्पुरत्या जागेचं. खोक्यावर ‘८ जीबी’च्या शेजारी बारीक अक्षरात ‘४+४’ लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर खरी रॅम ४ जीबीच आहे. उरलेले ४ म्हणजे स्टोरेजचा (ॲप, फोटो कायमचे साठवायच्या जागेचा) तुकडा कापून त्याला रॅमचं नाव दिलेलं. स्टोरेज रॅमपेक्षा कित्येक पटींनी हळू असतं, त्यामुळे या उसन्या रॅमने वेग वाढत नाही. फार तर मागे उघडं राहिलेलं एखादं ॲप बंद पडायचं वाचतं. खरी ४ जीबी तुमच्या कामाला आज पुरते, तीन वर्षं काढायची तर ६ बरी. ३ जीबीवाला कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

फोन वर्षभरात ‘हँग व्हायला’ लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा स्टोरेज असतं. या किमतीत दोन जातींचं स्टोरेज मिळतं: ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी हा एकेरी पूल आहे. एकतर वाचणं चालतं, नाहीतर लिहिणं; दोन बंड्या समोरासमोर आल्या की एक थांबते. यूएफएसमध्ये दोन्ही एकदम चालतं. वाचायचा वेग ईएमएमसी ५.१ चा साधारण २५० ते ३०० एमबी प्रति सेकंद, तर यूएफएस २.२ चा त्याच्या तिप्पट किंवा अधिक. हे खोक्यावर सहसा लिहीत नाहीत, कंपनीच्या साईटवर ‘स्टोरेज टाइप’ म्हणून मिळतं. तिथेही लपवलं असेल तर ईएमएमसी समजून चाला.

दुकानात याची परीक्षा सोपी आहे. डेमो फोनला स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट द्या, प्ले स्टोअरमध्ये चार-पाच ॲपचे अपडेट एकदम सुरू करा आणि ते चालू असतानाच डायलर (नंबर दाबायचं ॲप) उघडा, मग कॅमेरा, मग परत डायलर. डायलर उघडायला तीन-चार सेकंद लागत असतील तर रोजच्या वापरात तुमचं तेच होणार आहे, कारण घरी हे अपडेट तुम्हाला न विचारता मागे चालूच असतात. बोटाने स्क्रीन भर्रकन सरकते ते पाहून भुलू नका. ती ९० किंवा १२० हर्ट्झ स्क्रीनची करामत आहे, आतल्या ताकदीची नाही.

६४ जीबीचा फोन घेऊ नका, १२८ बघा. ६४ मधले पंधरा-वीस जीबी सिस्टीम आणि आधीपासून भरलेली ॲप खातात. उरलेली जागा गावचे, भावकीचे आणि बियाणं कंपन्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप सकाळच्या शुभेच्छांनी भरतात. मेमरी कार्ड घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ फोनच्या आतल्या मेमरीतच साठतात. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली की फोनला नवीन काही लिहायला आधी जागा साफ करत बसावं लागतं आणि सगळंच रेंगाळतं. व्हॉट्सॲपमधलं ‘मीडिया ऑटो डाउनलोड’ पहिल्याच दिवशी बंद करा.

प्रोसेसरचं (फोनचं सगळं काम करणाऱ्या चिपचं) ‘आठ कोअर’ हे आणखी एक फसवं बोलणं. आठही कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, ए५३ किंवा ए५५ या कमी ताकदीच्या जातीचे असतील (हेलिओ जी३६, युनिसॉक एससी९८६३ए या चिपमध्ये तसे असतात) तर ते आठ गोऱ्हे जुंपल्यासारखं आहे: संख्या भरपूर, नांगर हलत नाही. निदान दोन कोअर ए७५ या जास्त ताकदीच्या जातीचे हवेत, ते युनिसॉक टी६०६ किंवा हेलिओ जी८५ मध्ये असतात. डायमेन्सिटी ६३०० मध्ये दोन ए७६ आहेत, म्हणजे त्याहून बरे. ५जी फोन घ्यायचं माझ्या मते खरं कारण हेच: ५जी चिप त्याच किमतीच्या ४जी चिपपेक्षा सहसा ताकदवान असते. गावात ५जी येईल तेव्हा येईल. तोवर सेटिंगमध्ये नेटवर्क ४जी वर ठेवा, नाहीतर फोन दिवसभर ५जी हुडकत बॅटरी खातो.

आता रेंज. आपल्याकडे फोनची खरी किंमत इथे ठरते आणि हेच कोणी विचारत नाही. टॉवरची रेंज ‘बँड’वर, म्हणजे ठरावीक लहरींच्या पट्ट्यावर येते. जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं, एअरटेलचं मुख्यतः १, ३, ८ आणि ४० वर, बीएसएनएलचं २८ आणि १ वर. यातले ५, ८ आणि २८ हे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे, लांब पोचणारे आणि भिंतीतून आत शिरणारे. ४० नंबरचा बँड २३०० मेगाहर्ट्झचा. टॉवरजवळ तो जोरात चालतो आणि दोन वावरं ओलांडली की दम टाकतो. बीएसएनएलचं कार्ड असेल आणि फोनमध्ये २८ नंबरचा बँड नसेल तर टॉवर समोर दिसत असूनही अडचण येणार. कंपनीच्या साईटवर ‘नेटवर्क’ किंवा ‘एलटीई बँड्स’मध्ये हे आकडे असतात. आपल्या सिमचे आकडे त्यात आहेत का ते ताडून बघा. जुना परदेशी बनावटीचा फोन घेत असाल तर हे तपासल्याशिवाय पैसे देऊच नका.

दुसरं, रेंजच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, कंपन्या त्या आपल्या सोयीने दाखवतात. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’, तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’चा आकडा उणे चिन्हासह दिसतो. उणे ८५ डीबीएम (हे रेंजचं माप) म्हणजे चांगली रेंज. उणे ११० ला पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं. उणे १२० म्हणजे कॉल तुटायला आलाच. हा आकडा दर सेकंदाला थोडा हलतो, म्हणून दोन फोन शेजारी ठेवा, तेच सिम आधी एकात आणि मग दुसऱ्यात घाला, आणि दोघांचा मिनिटभराचा अंदाज घ्या. एक फोन सतत पाच-सहा डीबीएमने मागे असेल तर त्याचा अँटेना कमजोर आहे. तालुक्याला तो फरक जाणवणार नाही, वावरात जाणवेल. एखाद्या शेजाऱ्याकडे तेच मॉडेल असेल तर धुऱ्यावर उभं राहून आकडा बघणं सगळ्यात उत्तम.

ऊन. फोन घेऊन दुकानाच्या बाहेर या, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान. ब्राइटनेस पूर्ण करा, पांढऱ्या पानावरचा बारीक मजकूर वाचा, मग कॅमेरा उघडून समोरचा क्यूआर स्कॅन करा. साधारण ४५०-५०० निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप) स्क्रीन उन्हात आरशासारखी होते, स्वतःचा चेहरा दिसतो पण आकडा दिसत नाही. ८०० च्या आसपासची चालते. जाहिरातीतला ‘पीक’ आकडा बाजूला ठेवा, ‘एचबीएम’चा (हाय ब्राइटनेस मोडचा) आकडा विचारा, उन्हात तोच कामाला येतो. फोन तापला की सिस्टीम आपणहून स्क्रीन मंद करते. म्हणून मोटारसायकलच्या होल्डरवर उन्हात अर्धा तास ठेवलेला चांगला फोनही आंधळा होतो. तो दोष समजू नका, पण खिशात, कापडाखाली ठेवा.

बॅटरीचा आकडा सगळीकडे ५००० एमएएच किंवा त्याहून जास्त असतो, त्यात निवडण्यासारखं फारसं नाही. चार्जिंगचा वेग मात्र बघा. ५००० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. १० वॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला अडीच ते तीन तास, १८ वॅटवर दोन तासांच्या आसपास. गावठाणाची लाईन रात्रभर टिकत असेल तर १० वॅटनेही भागतं. येऊनजाऊन असेल तर १८ च्या खाली नको. आजकाल खोक्यात चार्जर असतोच असं नाही, आधी विचारा. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत, कव्हर घालून, वर युट्यूब चालू ठेवून चार्जिंग लावलं की बॅटरी ४५ अंशांच्या वर जाते आणि फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. मग ‘चार्जर खराब आहे’ म्हणून नवा आणला जातो. कव्हर काढा, फरशीवर ठेवा, तेवढं पुरतं. वावरात फवारणी पंपाच्या किंवा झटका मशीनच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून चार्ज करायचं असेल तर मधे गाडीत वापरतात तसा १२ व्होल्टचा यूएसबी ॲडॅप्टर हवाच. वायर सोलून थेट जोडणाऱ्यांचा चार्जिंगचा भाग जळतो आणि त्याला वॉरंटी मिळत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार ठिपके जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि मागची दुसरी-तिसरी भिंगं बहुतेक वेळा शोभेची. २ मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ने बोंडातली गुलाबी अळी धूसर येते, कारण त्याला फोकसच करता येत नाही. मुख्य कॅमेऱ्याने १५-२० सेंटीमीटरवरून, दोनपट झूम करून, सावलीत काढलेला फोटो कृषी सहायकाला ओळखता येतो. दुकानात खताच्या बिलाचा किंवा सातबाराचा फोटो काढा आणि मोठा करून कोपऱ्यातली अक्षरं वाचा. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करताना कागद जोडावे लागतात, तेव्हा हाच कोपरा आडवा येतो. पुढचा कॅमेराही बघा, पीएम-किसानची ई-केवायसी चेहरा दाखवूनही होते.

ई-पीक पाहणीसाठी जीपीएस लागतं. मोकळ्या आभाळाखाली साधा फोनही पाच मीटरच्या आसपास जागा दाखवतो. आधी दोन मिनिटं उघड्यावर उभं राहून नकाशातला निळा ठिपका स्थिर होऊ द्या, मग फोटो काढा. झाडाखाली काढाल तर शेजाऱ्याच्या गटात जाल. स्वस्त फोनमध्ये कंपास सेन्सर कधीकधी नसतोच, मग नकाशातला बाण उलटसुलट फिरतो. नकाशा उघडून जागेवरच गोल फिरून बघा, बाण तुमच्यासोबत फिरायला हवा. आणि ॲप ‘सर्व्हर’वर अडकलं तर फोनला शिव्या देऊ नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बॅटरी वाचवायला या फोनच्या सिस्टीम मागे चालणारी ॲप मारून टाकतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याचा इशारा देतं, पण ते मागे जिवंत नसेल तर इशारा पोचतच नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपचं ‘बॅटरी’ उघडून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा, आणि लोकेशन ‘नेहमी’वर ठेवा. काही फोनमध्ये एखाद्या अपडेटनंतर हे परत बंद होतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर एकदा उघडून बघा. कापूस वेचून बोटं घासली की फिंगरप्रिंट लागत नाही, ते सेन्सरचं दुखणं नाही, पिन ठेवा. खोक्यावरचं आयपी५२, आयपी५४ (धूळ-पाण्यापासून बचावाची पायरी) म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील, पाटात पडलेला चालणार नाही.

आता तुमच्या फोनचा निकाल. खरी रॅम ६ जीबी, १२८ जीबी यूएफएस, निदान दोन मोठे कोअर (ए७५ किंवा ए७६), तुमच्या सिमचे बँड आणि उन्हात वाचता येणारी स्क्रीन, एवढं असेल तर अकरा हजारांना घ्या. ‘४+४’ आणि ईएमएमसी निघालं तर त्याच्याकडे साडेआठ हजारांच्या आसपासच बघा, तेही तीन नाही, दोन वर्षांच्या हिशोबाने. बँड जुळत नसतील तर फुकटातही नको.

पैसे देण्याआधी *#०६# दाबून येणारा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) खोक्यावरच्या आकड्याशी आणि बिलाशी जुळवा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर १४४२२ वर एसएमएस केला की फोन नोंदीत आहे की चोरीचा म्हणून अडवलेला, ते कळतं. जुन्या फोनसाठी तर हे कराच. बिल जीएसटीचं, छापील घ्या; वॉरंटी त्यावरच चालते, फोनला बहुधा एक वर्ष आणि चार्जरला सहा महिने. सर्व्हिस सेंटर यवतमाळला आहे की नागपूरला, हेही विचारा, कारण दोन खेपांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी फोनच्या किमतीतच धरायची असते. हप्त्यावर घेत असाल तर ‘नो कॉस्ट’ ऐकून थांबू नका: प्रोसेसिंग फी, फाइल चार्ज, विमा असं सगळं मिळवून एकूण किती भरणार ते कागदावर लिहून मागा. हप्त्याच्या फोनमध्ये कुलूप लावणारं ॲप असू शकतं, मग हप्ता चुकला की स्क्रीन बंद होते. कापसाचे पैसे कधी येतात ते बघून हप्त्याची तारीख ठरवून घ्या, नंतर ती सहसा बदलून मिळत नाही.