नववीतल्या मुलाला गणितात २३ मार्क, घरात बोलतही नाही. मोबाईल काढून घ्यावा का?

सीबीएसई, नववी, सहामाहीत ८० पैकी २३, शाळेतून आला की खोलीचं दार बंद, काही विचारलं की 'कुछ नहीं'. तुमचा प्रश्न वाचून बायकोला हाक मारली, म्हटलं हे बघ, आपलंच घर. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलगा आता बारावीत आहे. त्याच्या नववीत, २०२२ साली, मार्क २१ होते, एवढाच काय तो फरक.

मोबाईलचं आधी सांगतो, कारण ती चूक मी करून बसलोय. काढून घेतला आणि कपाटात कुलूपबंद केला. अकरा दिवस. गणित होतं तिथंच राहिलं. तो मात्र वही आणायच्या बहाण्यानं मित्राकडे जाऊन त्याच्या फोनवर तेच करायला लागला आणि आमच्याशी खोटं बोलायला शिकला. बाराव्या दिवशी फोन परत दिला. मग असं ठरवलं की रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन फ्रिजवर चार्जिंगला. सगळे म्हणजे माझाही. त्याला दोन-चार दिवस जड गेलं, मला महिनाभर.

याचा फायदा अभ्यासापेक्षा झोपेला झाला. या वयात झोपेचं हार्मोन मुळात रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे दहाला डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. त्याला आळशी म्हणणं मी त्यानंतर सोडलं. (बसच्या वेळेचं काही करता आलं नाही, ती पावणेसातलाच येते.)

आता त्या 'कुछ नहीं' बद्दल. आपली मुलं बाहेर हिंदी बोलतात, घरात मराठी. आमच्याकडे तो घरातही हिंदीतच उत्तरं द्यायला लागला आणि मी त्यावर मातृभाषेचं व्याख्यान सुरू केलं. एका रात्री माझी आई म्हणाली, "अरे, मराठीत तू त्याच्याशी बोलतोस तरी काय? ऊठ, आवर, जेव, अभ्यासाला बस." मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मोजलं. रात्रीपर्यंत मी त्याच्याशी सतरा वाक्यं बोललो. पंधरा हुकूम, एक टोमणा आणि 'टेस्टचे मार्क आले का?' त्याचं क्रिकेट, चेष्टा, भांडणं, रुसवेफुगवे सगळं हिंदीत, मित्रांबरोबर. मराठी त्याच्यासाठी फक्त हुकमाची भाषा उरली होती. मग तो तिच्यात कशाला उत्तर देईल?

तर मी त्याला काही विचारणंच बंद केलं आणि माझं सांगायला लागलो. डिसेंबरात एकदा रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खायला नेलं. तिथं उभ्या उभ्या सांगितलं की ऑफिसात मी एक एंट्री चुकीच्या खात्यात टाकली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. खरी गोष्ट होती, बायकोलाही माहीत नव्हती. तो लिंबू पिळता पिळता थांबला. म्हणाला, "मग तुम्ही काय केलं?" मराठीत. त्या रात्री त्यानं स्वतःचं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जीभ किती वेळा चावली ते मला माहीत.

आठवड्यानं उत्तरपत्रिका त्यानं स्वतःच आणून दिली. आम्ही जमिनीवर बसून पान न् पान बघितलं. भूमितीच्या सिद्धता बऱ्या होत्या. घोळ सगळा चिन्हांचा. कंस सोडवताना उणे ३ गुणिले उणे ४ बरोबर उणे १२, असं पाच ठिकाणी. पायऱ्या बरोबर, चिन्ह चूक, पुढचं सगळं वाया. हे शिकवतात सातवीत, आणि त्याची सातवी म्हणजे २०२०-२१, आख्खं वर्ष मोबाईलच्या पडद्यावर गेलेलं. नववीचा क्लास लावून ते भोक कसं बुजणार होतं? इथल्या भंवरकुआं भागातल्या एका क्लासनं तर आम्हाला सरळ दोन वर्षांची फाउंडेशन बॅच गळ्यात मारली होती. पैसे गेले ते गेलेच. आता केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये. कुणी घाई केली तर हे तोंडावर सांगा.

दहावीची धास्ती असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर असतात. अभ्यासक्रम एकच, बेसिकचा पेपर सोपा. पुढे गणित घ्यायचं असेल तर स्टँडर्डच धरून चाला. आणि २०२६ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा दोनदा आहे. फेब्रुवारीची सगळ्यांना द्यावीच लागते, मेमध्ये तीन विषयांपर्यंत मार्क सुधारता येतात.

दार बंद ठेवणं या वयात चालायचंच, टकटक करून आत जा म्हणजे झालं. पण जेवण तुटलं, मित्र तुटले, आवडीचा खेळ सुटला, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा 'मी नसलो तर बरं' असं काही तोंडून निघालं, तर माझे हे सगळे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. तुम्हीसुद्धा लावू शकता.

आणि उत्तरपत्रिका बघाल तेव्हा चिन्हांआधी अपूर्णांक तपासा. शाळा बंद होत्या तेव्हा तुमचा मुलगा चौथी-पाचवीत असणार. कच्चे निघाले तर इंदूरच्या खजुरी बाजारातून, म्हणजे पुस्तकांच्या बाजारातून, सहावीचं जुनं पुस्तक आणा, 'जुनं' असं सांगून, कारण एनसीईआरटीनं आता पुस्तकं बदललीत. रोज वीस मिनिटं पुरतात. आमच्या पठ्ठ्यानं सातवीच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, मित्रांना दिसू नये म्हणून. मी ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.