मागे यादी खरी छापली की पुढे कसलंही चित्र चालतं का?

तुम्ही विचारलंय की पाकिटामागे घटकांची यादी अगदी खरी छापलेली असताना नुसत्या पुढच्या चित्रावरून लोक कंपनीला कोर्टात कसे खेचतात, आधी वाचून घ्यायला काय होतं. मी पण बरेच दिवस हेच म्हणायचो. मग जर्मनीतल्या चहाची केस वाचली आणि मत साफ बदललं.

टेकाने (Teekanne) ह्या कंपनीचा फळांचा चहा होता, नावातच रास्पबेरी आणि व्हॅनिला, खोक्यावर लालचुटूक रास्पबेरी, व्हॅनिलाची फुलं आणि सोबत 'फक्त नैसर्गिक घटक' असं लिहिलेलं. आता खोकं उलटं करा. जास्वंद, सफरचंद, संत्र्याची साल, ब्लॅकबेरीची पानं, असं करत करत पुढे कुठेतरी 'रास्पबेरीच्या चवीचा' नैसर्गिक फ्लेवर. यादीत एक शब्द खोटा नाही आणि खोक्यात रास्पबेरीही नाही, व्हॅनिलाही नाही! तिथल्या ग्राहक संघटनांनी केस केली, ती युरोपियन युनियनच्या कोर्टापर्यंत गेली आणि 2015 मध्ये कोर्टाने सांगितलं की यादी बरोबर आणि पूर्ण असली तरी पुढच्या चित्राने झालेला गैरसमज तिने दूर होईलच असं नाही, सगळं पाकीट मिळून माणसाला काय सांगतंय ते बघायचं.

अमेरिकेत 2008 मध्ये जर्बर ह्या लहान मुलांचा खाऊ बनवणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये अपील कोर्ट ह्याच मुद्द्यावर आलं होतं. अगदी लहान मुलांचा खाऊ, पाकिटावर संत्री, पीच, स्ट्रॉबेरी, चेरी, आणि आत त्यातल्या एकाही फळाचा रस नाही, होता तो पांढऱ्या द्राक्षांचा, आणि मुख्य घटक म्हणजे कॉर्न सिरप आणि साखर. कोर्ट म्हणालं की पुढे ठळक अक्षरात दिशाभूल करायची आणि खरं काय ते ग्राहकाने बाजूच्या बारीक अक्षरात शोधायचं, ही अपेक्षा चुकीची आहे. मला हे शंभर टक्के पटतं, कारण कडेवर मूल घेऊन सामान भरणारा माणूस पुढची बाजू बघूनच वस्तू उचलतो आणि हे पुढची बाजू छापणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

पण म्हणून प्रत्येक केस टिकते असं नाही हां. मनुका म्हणजे इथे आपला बेदाणा नव्हे, न्यूझीलंडमधलं एक झुडूप. '100% न्यूझीलंड मनुका मध' लिहिलेल्या बरणीतला सगळा मध ह्या झुडपाच्या फुलांचा नाही म्हणून ट्रेडर जोज ह्या अमेरिकन किराणा दुकानांच्या साखळीवर केस झाली, 2021 मध्ये अपील कोर्टाने ती फेटाळली, कारण मधमाशी कुठल्या फुलावर बसेल हे कुणाच्या हातात नसतं आणि एवढ्या स्वस्तात शुद्ध मनुका मध मिळत नाही हे साधारण ग्राहकालाही कळायला हवं. म्हणजे सगळा खेळ 'साधारण ग्राहक काय समजेल' ह्या एका प्रश्नावर आहे.

पैशाचं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. न्यूटेला ह्या ब्रेडला लावायच्या गोड चॉकलेट स्प्रेडच्या अमेरिकेतल्या केसमध्ये एका आईची तक्रार होती की जाहिराती बघून मी हे पौष्टिक समजून मुलीला नाश्त्याला देत होते. 2012 मध्ये तडजोड झाली, ग्राहकाला बरणीमागे 4 डॉलरपर्यंत आणि जास्तीत जास्त 20 डॉलर. पण जाहिरात आणि लेबल बदलायचं कंपनीने कबूल केलं, आणि माझ्या मते खरी कमाई ती, कारण ती न भांडलेल्यांनाही मिळते.

आणि हे पकडायला वकीलच लागतो असं नाही. न्यूझीलंडमध्ये शाळेतल्या दोन मुलींनी प्रोजेक्टसाठी रायबीना हे ब्लॅककरंट नावाच्या फळाचं पेय तपासलं, जाहिरातीत ब्लॅककरंटमध्ये संत्र्याच्या चौपट व्हिटॅमिन सी म्हटलेलं, आणि तयार प्यायच्या पेयात ते जवळजवळ सापडेचना. वाक्य फळाबद्दल होतं, विकत होते पेय, नीट बघा ही चलाखी! प्रकरण सरकारी कमिशनकडे गेलं, 2007 मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि 2 लाख न्यूझीलंड डॉलरच्या वर दंड भरला.

तेव्हा तुम्हाला कुठल्या पाकिटाबद्दल शंका असेल तर ते फेकू नका, पुढून-मागून फोटो काढा, बॅच नंबर दिसला पाहिजे, बिल जपून ठेवा आणि कुठलं वाक्य किंवा चित्र बघून घेतलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण वकील पहिलं हेच विचारतो.