मुलगा बोलण्यात पटाईत आहे, मग वाचताना का अडखळतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, ऐकलेली गोष्ट रंगवून सांगतो, पण पुस्तक उघडलं की दोन शब्दांत गाडी अडते. बोलणं चांगलं असलं की वाचन आपोआप येतं, असं ऐकत आलात आणि आता काळजी वाटतेय.

आपोआप येत नाही. बोलणं मूल ऐकता ऐकता उचलतं, वाचन शिकवावं लागतं. पण त्याचं बोलणं वाया गेलंय असंही समजू नका.

मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. एकदा चित्राखाली 'ससा पळाला' एवढंच लिहिलेलं होतं. एका मुलाने वाचलं, 'ससा घाबरून झुडपात पळून गेला.' वाक्य झकास, फक्त ते कागदावर नव्हतं. त्याच वर्गातली एक मुलगी अख्खं पान धडाधड वाचायची, आणि 'कोण पळालं गं?' विचारलं की माझ्याकडे बघत बसायची.

१९८६ साली गॉफ आणि टनमर या संशोधकांनी हे एका ओळीत मांडलं: समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. तुमच्या मुलाची भाषेची बाजू भक्कम आहे. त्या मुलीसारखं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण धडे लांबलचक होईपर्यंत ती अडचण कुणाच्या लक्षातच येत नाही.

अक्षरं उलगडतानाही कान मदतीला येतो बरं का. 'चार चाकं' मोठ्याने वाचून बघा. दोन्ही च लिहायला सारखे, उच्चार वेगळे. कुठला कुठे, हे कागद सांगत नाही. शब्द आधी कानावरून गेलेला असतो म्हणून जीभ बरोबर वळते.

मात्र बोलताना मुलाचं लक्ष अर्थाकडे असतं, आवाजाकडे नाही. ते आवाजाकडे वळवायचं. 'कमळ'मधला क पळाला, काय उरलं? 'मळ' म्हणताना पोरं खिदळतात, खिदळू द्या. जोडाक्षरांची घाई नको. 'पुस्तक' आपण बोलतो पुस्-तक असं तोडून, लिहितो मात्र पु-स्त-क. तिथे हुशार मुलंही गडबडतात. (महिनाभर खेळूनही आवाज वेगळे ओळखू येत नसतील, तर एकदा कान तपासून घ्या.)

आणि त्याचीच गोष्ट वापरा. तो सांगेल तशी तीन-चार वाक्यं लिहून काढा, शब्द न बदलता. तो वाचणार नाही, पाठ म्हणेल, ही शंका रास्त आहे. म्हणून शब्दांच्या पट्ट्या कापा, उलटसुलट मांडा आणि वाक्य जुळवायला सांगा. 'घाबरून'ची पट्टी शोधायची तर घ कडे बघावंच लागतं, तिथे चित्र नसतं.