‘एक्झॉटिक’ कुणाला म्हणावं?

प्रश्न : भाचीची कोरियन मैत्रीण घरी आली होती. हौसेनं तिला नऊवारी नेसवली आणि कौतुकानं म्हटलं, ‘यू लुक सो एक्झॉटिक!’ भाचीनं डोळेच वटारले. शब्दकोशात तर ‘विलक्षण, आकर्षक’ असा अर्थ दिलाय. मग बिघडलं कुठं? आणि उच्चार ‘एक्झॉटिक’ की ‘इग्झॉटिक’?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : शब्दकोशानं तुम्हाला अर्धंच सांगितलं, ताई. ग्रीक ‘एक्सो’ म्हणजे बाहेर. त्यावरून आलेला हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरला तो ‘बाहेरदेशचा’ या अर्थानं. आकर्षकपणा मागाहून चिकटला. ‘स्ट्रेंज’ किंवा ‘वीअर्ड’ वस्तू आपल्या गल्लीतलीही असू शकते. ‘एक्झॉटिक’ म्हटलं की ती लांबून आलेली असणार, हे त्यात गृहीत असतं.

आमच्या भाजीवाल्या मावशी ब्रोकोली, झुकिनी आणि पिवळी ढोबळी मिरची वेगळ्या क्रेटमध्ये मांडतात. ‘एक्झॉटिक आहे, घासाघीस नको,’ असं बजावतात. आता हा माल बहुतेक वेळा आपल्याकडच्याच शेतातला. आणि शेजारच्या टोपल्यांत बिनबोभाट बसलेले बटाटा, टोमॅटो, हिरवी मिरची? तिघांचंही मूळ अमेरिका खंडात. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. पण मिरचीला एक्झॉटिक म्हणायची कोल्हापुरात कुणाची छाती आहे? उलट आपला फणस लंडनच्या दुकानात एक्झॉटिक ठरतो. म्हणजे हे विशेषण वस्तूपेक्षा बोलणारा कुठं उभा आहे, तेच जास्त सांगतं.

वनस्पतिशास्त्रात मात्र या शब्दाला कसलंच ग्लॅमर नाही. तिथं एक्झॉटिक म्हणजे निव्वळ परकी जात. साताऱ्यात 1 मे रोजी ज्याचा दिवस साजरा करतात तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा, म्हणून एक्झॉटिक. आणि 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेलं, पुढं देशभर माजलेलं गाजरगवतही एक्झॉटिकच!

फळाफुलांना, बेटांना, पदार्थांना हा शब्द खुशाल लावा. माणसाला लावला की मात्र ‘तू आमच्यातली नाहीस, पाहण्याजोगी चीज आहेस’ असा सूर लागतो. आशियाई बायकांनी तर पाश्चात्त्यांच्या तोंडून तो इतका ऐकलाय, की भाचीची मैत्रीण हसली असली तरी मनात वैतागली असेल. वर ‘एक्झॉटिक डान्सर’ म्हणजे क्लबात कपडे उतरवत नाचणारी. त्यामुळं भाचीचे डोळे वटारणं मला रास्तच वाटतं. ‘यू लुक लव्हली’ म्हणायचं, किंवा सरळ ‘द सारी सूट्स यू’. नऊवारीचं कौतुकही झालं.

उच्चार ‘इग्झॉटिक’, आघात ‘झॉ’वर. मावशींकडे मात्र ‘एक्झॉटिक’च म्हणा, नाहीतर भाव आणखी चढेल.