अलोन, लोन्ली आणि तुमचा तो मेल

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या ऑफिसात नवीन लागल्यावर ओळखीच्या मेलमध्ये ‘आय लिव्ह लोन्ली इन ठाणे’ असं टाकलं आणि मॅनेजरने बाजूला घेऊन सगळं ठीक आहे ना असं विचारलं. त्यांनी जे वाचलं त्यावरूनच विचारलं हो. तुम्हाला म्हणायचं होतं अलोन. अलोन म्हणजे नुसता एकटा, सोबत कोणी नाही एवढंच, त्यात सुख पण नाही आणि दुःख पण नाही. लोन्ली म्हणजे एकाकी, कोणीतरी हवंय आणि नाहीये. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाण्याला पाय ठेवायला जागा नसते, तिथे अलोन कोणीच नसतं, लोन्ली मात्र कोणीही असू शकतं.

व्याकरणात आपण जास्त अडकतो. लोन्लीच्या शेवटी ‘ली’ आहे म्हणून ते स्लोली, क्विकलीसारखं क्रियाविशेषण वाटतं, पण ते विशेषण आहे, म्हणून ‘लिव्ह लोन्ली’ खटकतं. अलोनचं वेगळंच, ते नामाच्या आधी बसत नाही, ‘ॲन अलोन मॅन’ चालत नाही, ‘द मॅन इज अलोन’ चालतं. हा शब्द मुळात ‘ऑल वन’, म्हणजे अगदी एकटाच, असे दोन शब्द जोडून झालाय, मग सुरुवातीचा अ गळून ‘लोन’ झाला आणि त्यावरून लोन्ली. नामाआधी हवाच असेल तर हा ‘लोन’ वापरा. आणि जागेला लोन्ली म्हटलं की निर्जन, अंधार पडल्यावर येऊरचा रस्ता असतो तसा.

सॉलिट्यूड म्हणजे एकांत, बहुतेक वेळा आपणहून घेतलेला. माझी मावशी नेरुळला एकटी राहते, काका गेल्यापासून. तिचा एक फॉर्म भरताना ‘लिव्ह्ज अलोन’वर टिक केली तर म्हणाली याचा अर्थ काय रे, मी म्हटलं एकटी राहते. म्हणाली हां, एकटी चालेल, एकाकी नको लिहूस, पहाटे चहा घेऊन गॅलरीत बसते ना तेव्हा मला कोणी हाक मारलेली पण आवडत नाही. तिची ती पहाट म्हणजे सॉलिट्यूड, मला याहून चांगला अर्थ सांगता येणार नाही.

तर तुम्ही ‘आय लिव्ह अलोन’ लिहा, किंवा ‘बाय मायसेल्फ’. पण रूमवर आल्यावर खरंच तसं वाटत असेल तर ‘आय फील लोन्ली’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि मॅनेजरने एवढं आपणहून विचारलंय तर त्यांना ते सांगा, मराठीत सांगितलंत तरी चालेल.