गोंदिया-अकोला सूर्यास्ताचा फरक: आकडा खोडू नका, सकाळचं वाचनही घ्या

ताई, तुमची अडचण वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. थोडक्यात ती अशी. समुद्रावर वाट चुकलेल्या वैमानिकाला दुसऱ्या विमानातून शोधून काढण्याचा टीव्हीपट तुम्ही नववीच्या लेकरांना दाखवला. त्यातली सूर्यास्ताची युक्ती करून पाहायची म्हणून डिसेंबरात तुमच्या गोंदियाकडच्या शाळेनं आणि अकोल्याकडच्या एका शाळेनं एकाच संध्याकाळी सूर्य बुडाल्याची वेळ घेतली. फरक आला १४ मिनिटं २० सेकंद. त्यावरून अंतर निघालं ३७२ किलोमीटर आणि नकाशावर पूर्व-पश्चिम ते ३३० च्या जवळपास आहे. आता तिकडचे सर म्हणतात की लेकरांची घड्याळं चुकली, फरक १२ मिनिटं ५० सेकंद लिहा म्हणजे जुळेल.

लिहू नका. तुमच्या लेकरांनी बरोबर मोजलं आहे, चूक हिशेबात आहे. हेच आधी सांगतो, बाकीचं नंतर.

अकोला आणि गोंदिया यांच्या रेखांशात ३.२ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे १२.८ मिनिटं, इथवर सगळे येतात. पण गोंदिया नुसतं पूर्वेला नाही, अकोल्यापेक्षा पाऊण अंश उत्तरेलाही आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे जितकं उत्तरेला जावं तितका दिवस लहान. पाऊण अंशाला डिसेंबरअखेर दिवस सुमारे तीन मिनिटांनी लहान होतो. त्यातलं दीड मिनिट सकाळी कापलं जातं, दीड संध्याकाळी. संध्याकाळचं दीड मिनिट तुमच्या १२.८ मध्ये मिळवा: १४.३ मिनिटं. म्हणजे १४ मिनिटं १८ सेकंद. तुमच्या लेकरांचा आकडा १४:२०. यापेक्षा चांगलं काम शाळेच्या पातळीवर होत नाही.

आता याच कटकटीतून सुटायचा उपाय, जो फार कमी लोक सांगतात: सूर्योदयही मोजा. सकाळी तेच दीड मिनिट उलट्या बाजूनं लागतं. डिसेंबरात गोंदियाला सूर्य अकोल्याच्या आधी उगवतो तो १२.८ नाही, सुमारे ११ मिनिटं १५ सेकंद आधी. संध्याकाळचे १४:२० आणि सकाळचे ११:१५ यांची सरासरी काढा, १२ मिनिटं ४८ सेकंद येते. भागिले चार, ३.२ अंश. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर, म्हणजे ३३३. नकाशा जुळला आणि एकही आकडा खोडावा लागला नाही. अक्षांशाचा परिणाम सरासरीत आपोआप कटतो, कोष्टक लागत नाही, त्रिकोणमिती लागत नाही.

मार्चच्या २१ किंवा सप्टेंबरच्या २२-२३ च्या आसपास केलं तर हा घोळ जवळजवळ शून्य असतो, नुसता सूर्यास्तही चालतो. मे-जूनमध्ये सगळं उलटं होतं, संध्याकाळचा फरक कमी येतो आणि सकाळचा जास्त. टीव्हीपटामागची खरी घटना डिसेंबरातली म्हणून प्रयोगही डिसेंबरातच करायचा हा मोह बहुतेकांना होतो, आणि नेमका तोच सगळ्यात वाईट महिना आहे.

आकडा जुळवण्याबद्दल मी एवढा तळमळून लिहितो याचं कारण आहे. असाच प्रकल्प एका कार्यालयानं शेरा मारून परत पाठवला होता: "उत्तर पुस्तकाशी जुळत नाही, दुरुस्त करून सादर करा." मार्गदर्शन करणाऱ्यानं, म्हणजे मी, लेकरांना वेळा बदलायला लावल्या. प्रकल्प पास झाला, पण बरोबर असलेली वाचनं वहीतून गेली ती गेलीच. त्यानंतर पुन्हा मोजायला सांगितलं की लेकरं आधी विचारायची, "सर, किती यायला पाहिजे?" हे नुकसान कशानं भरून निघत नाही. ज्या माणसानं कधी धुऱ्यावर उभं राहून सूर्य बुडताना घड्याळ पाहिलं नाही, त्यानं टेबलावर बसून लेकरांचं निरीक्षण चूक ठरवायचं, याचा मला आजही संताप येतो. तुमच्याकडेही असा शेरा आला तर दीड मिनिटाचं कारण कागदावर लिहून तोच आकडा परत पाठवा.

आता सावधगिरीच्या गोष्टी. तुमची दोन्ही ठिकाणं मी पाहिलेली नाहीत. तुम्ही लिहिलं की तुमच्याकडे तलावाच्या पाळीवरून आणि तिकडे शाळेच्या स्लॅबवरून पाहिलं, क्षितिज मोकळं होतं. असेल तर उत्तम. पण "मोकळं" या शब्दावर भरवसा ठेवू नका. अर्ध्या किलोमीटरवर दहा मीटर उंचीच्या मोहाच्या झाडांची रांग असेल तर ती क्षितिज जवळपास एक अंश वर उचलते. डिसेंबरात सूर्याला एक अंश उतरायला पावणेपाच मिनिटं लागतात. अकोल्याकडचं काळं रान सपाट दिसतं खरं, पण वीस मीटरवर पुरुषभर तूर उभी असेल आणि लेकरू जमिनीवर उभं राहून पाहत असेल तर तेवढीच चूक तुरीनंही होते. एका मिनिटाची चूक म्हणजे सव्वीस किलोमीटर.

म्हणून माझं स्पष्ट मत: क्षितिज सोडून द्या. सूर्य दहा अंशांवर असल्यापासून चार अंशांवर येईपर्यंत दर दोन मिनिटांनी त्याची उंची मोजा. फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक घ्या, कंपासपेटीतला नको, त्यावर अर्धा अंशही नीट दिसत नाही. त्याच्या सरळ कडेवर बॉलपेनची रिकामी, कोरडी रिफिल चिकटपट्टीनं पक्की बसवा. मध्यबिंदूतून शिवणाचा दोरा सोडा आणि खाली सायकलचा नट बांधा. रिफिलमधून सूर्याकडे कुणीही, एकदाही पाहायचं नाही. रिफिलच्या मागे चार बोटांवर पांढरा कागद धरायचा आणि कोनमापक हळूहळू कलता करायचा. दिशा जुळली की कागदावर मुगाच्या दाण्याएवढा उजेडाचा ठिपका पडतो. अर्धा अंश इकडेतिकडे झालं तरी तो विझतो. ठिपका गोल आणि भरलेला दिसला की दुसऱ्यानं दोरा कुठे आहे ते वाचायचं, तिसऱ्यानं वेळ लिहायची. दोरा नव्वदपासून जितका सरकला तितकी सूर्याची उंची.

वाऱ्यानं नट झुलत राहतो आणि लेकरं मधला आकडा अंदाजानं लिहितात. नट पाण्यानं भरलेल्या पेल्यात बुडू द्या, झुलणं थांबतं. रिफिल थोडी तिरपी बसली असेल तर सगळी वाचनं सारखीच चुकतात. ते तपासायला गवंड्याकडची पाण्याची नळी आणा, कोनमापकाच्या उंचीची खूण दहा मीटरवरच्या भिंतीवर करा आणि रिफिलमधून ती खूण पाहा. दोऱ्यानं बरोबर नव्वद दाखवलं पाहिजे. दोरा उंचीच्या बाजूला अर्धा अंश सरकलेला दिसला तर प्रत्येक वाचनातून तो वजा करा. भिंतीकडे पाहायला हरकत नाही, सूर्याकडे मात्र नाही.

मग आलेखाच्या कागदावर वेळ आडवी, उंची उभी, आणि ठिपक्यांच्या मधून पट्टीनं एक सरळ रेघ. दोन्ही शाळांच्या रेघा पाच अंशांच्या ओळीला किती वाजता छेदतात तो तुमचा फरक. एखादं वाचन बिघडलं तरी रेघ हलत नाही. अक्षांशाचा परिणाम इथेही तसाच राहतो, त्यामुळे सकाळचं वाचन चुकवू नका.

घड्याळाबद्दल एकच सांगतो. मोबाइलची वेळ "आपोआप" वर ठेवा आणि सुरू करण्याआधी दोन्ही शाळांनी फोन लावून एकदा सेकंद जुळवून घ्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला सूर्यास्त बहुतेक मुंबईचा असतो, गोंदियाशी ताडून पाहाल तर अर्ध्या तासाच्या आसपास फरक दिसेल. त्यात तुमची काही चूक नाही.

लेकरं त्या टीव्हीपटाबद्दल विचारतील म्हणून थोडं. 'मर्सी मिशन: द रेस्क्यू ऑफ फ्लाइट ७७१' हा १९९३ चा, पण घटना डिसेंबर १९७८ ची आणि खऱ्या विमानाचा क्रमांक १०३ होता. एअर न्यूझीलंडचं डीसी-१० हे प्रवासी विमान, फिजीहून ऑकलंडला निघालेलं, कप्तान गॉर्डन व्हेट. हरवला होता जे प्रोखनाव, सेस्ना १८८ मध्ये एकटाच. हे पिकावर फवारणी करण्याचं एका माणसाचं विमान, आणि ते पॅसिफिक ओलांडून ऑस्ट्रेलियात पोचवायचं होतं. दिशा दाखवणारं एडीएफ यंत्र बिघडलं आणि वाटेतलं, जिथे उतरायचं होतं ते नॉरफोक बेट दिसायला हवं होतं तिथे दिसलंच नाही.

व्हेटनं त्याला सूर्याकडे नाक करून होकायंत्र वाचायला लावलं: सेस्नात २७४ अंश, डीसी-१० मध्ये २७०. त्यावरून तो आपल्या दक्षिणेला आहे हे कळलं. मग हात लांब करून क्षितिजापासून सूर्य किती बोटं वर आहे ते विचारलं. प्रोखनावची चार, व्हेटची दोन. ज्याचा सूर्य वर तो पश्चिमेला. शेवटी सूर्यास्त: नॉरफोकच्या तुलनेत सेस्नातला सूर्य साडेबावीस मिनिटं आधी बुडाला, म्हणजे तो बेटाच्या ५.६ अंश पूर्वेला. त्या अक्षांशावर २९१ सागरी मैल. ५.६ गुणिले ६० गुणिले ३० अंशांचा कोसाइन, दहावीची लेकरं करून पाहू शकतात. पुढे त्याला ओढत नेल्या जाणाऱ्या तेलाच्या रिगचे दिवे दिसले, तिची जागा माहीत होती, आणि एकूण २३ तास ५ मिनिटं हवेत राहून तो नॉरफोकला उतरला. त्याच्याजवळचं इंधन २२ तासांचं धरलेलं होतं.

यातला बोटांचा प्रयोग आपल्याकडे सुंदर होतो. बुलढाणा आणि गडचिरोली घ्या, जवळपास एकाच अक्षांशावर आणि रेखांशात ३.८ अंशांचा फरक. गडचिरोलीत सूर्य दोन बोटं वर असेल तेव्हा बुलढाण्यात तो चार बोटांवर असतो. अगदी त्या दोन विमानांसारखं. बोट किती अंशांचं ते आधी ठरवा: भिंतीवर दहा-दहा सेंटिमीटरवर रेघा मारा आणि ५.७३ मीटरवर उभं राहा, तिथून दोन रेघांमधलं अंतर बरोबर एक अंश दिसतं. मधलं बोट साधारण पावणेदोन अंश भरतं. लेकरांचं बोट बारीक असलं तरी हातही आखूड असतो, त्यामुळे मोठ्यांशी फार फरक पडत नाही. सूर्य तांबडा होऊन डोळ्यांना सहज सोसेल एवढा मंद झाल्यावरच, तोही बोटाआड झाकून. सकाळी नाही, उन्हात नाही.

होकायंत्राच्या प्रयोगाच्या नादी लागू नका. विदर्भाच्या दोन टोकांना मावळत्या सूर्याच्या दिशेत पडणारा फरक एका अंशापेक्षा खूप कमी असतो, आणि मोटारसायकल किंवा खिडकीचे गज जवळ असले तरी सुई त्याहून जास्त फिरते.

रेडिओचा भाग मात्र भूमितीच्या तासाला घ्या. त्या विमानांचा व्हीएचएफ रेडिओ सुमारे २०० सागरी मैलांपर्यंतच पोचायचा. आवाज कुठे आला, कुठे गेला हे नकाशावर मांडून हरवलेल्याच्या भोवतीचं वर्तुळ काढता येतं. मैदानात एक खुंटी मातीत लपवा, जागा एकट्या तुम्हाला माहीत. मनात बारा मीटरची त्रिज्या धरा. लेकरू सरळ रेषेत चालेल, त्या वर्तुळात शिरलं की "आला", बाहेर पडलं की "गेला" म्हणा आणि दोन्ही ठिकाणी पऱ्हाटीची काडी रोवा. ही एक जीवा. अशा दोन जीवा झाल्या की दोरीनं त्यांचे लंबदुभाजक काढा, ते खुंटीवर मिळतात. दोन जीवा एकमेकींना साठ ते नव्वद अंशांत असू द्या. जवळजवळ समांतर असल्या तर दुभाजक कुठेतरी भलतीकडेच छेदतात आणि लेकरं प्रमेयाला दोष देतात. वर्तुळाच्या कडेला घासून जाणारी आखूड जीवाही टाळा.

राहिलं सकाळचं. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत तलावावर पहाटे धुकं धरतं, सूर्य दहा अंश वर येईपर्यंत ठिपका पडत नाही. तेव्हा दहा ते सोळा अंशांमध्ये मोजा, संध्याकाळीही तीच पट्टी घ्या आणि तिकडच्या सरांनाही तेच आकडे कळवा. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी दोन्ही वेळा घेतल्या पाहिजेत. जमलं नाही तर फेब्रुवारीचा मध्य चांगला, धुकंही कमी आणि अक्षांशाचा घोळही निम्म्यावर येतो. डिसेंबरची १४:२० ची नोंद तशीच ठेवा, शेजारी तारीख लिहा आणि नवीन वाचन तिच्या खाली मांडा.