पिल्लू नंतर बघा, आधी आई बघा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही चिंचवडला राहतो, मुलगा पाचवीत आहे आणि दोन वर्षं नुसता मागे लागलाय की लॅब्राडॉरच पाहिजे. इन्स्टावर एकाकडे पिल्लं दिसली, फोटो एकदम गोड, ३२ दिवसांची आहेत म्हणे. 'डबल बोन, शो क्वालिटी, मॅडम दोनच राहिलीत, टोकन टाका, घरपोच देतो' असं चाललंय त्याचं. पेपर (वंशावळीचं सर्टिफिकेट) पाहिजेत तर पैसे जास्त, नको तर कमी. आई कुठंय विचारलं तर म्हणे फार्महाऊसवर असते, तिकडे कोणाला नेत नाही. ह्यांचं म्हणणं घेऊन टाकू, पण मला काही बरोबर वाटेना. काय करू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, टोकन टाकू नका. तुम्ही दोन शब्दांत बरोबर प्रश्न विचारलात, 'आई कुठंय', आणि त्याला त्याचं उत्तर देता आलं नाही, तिथेच विषय संपला खरं तर. ३२ दिवसांचं पिल्लू आईजवळच असायला हवं ना, मग पिल्लं इथे आणि आई फार्महाऊसवर हे कसं काय?

आपल्याकडे '४५ दिवस झाले की पिल्लू न्यायचं' असं सगळेच म्हणतात, आणि व्यवहारात ते ४५चे ३२ कधी होतात कळत नाही. केंद्राचे २०१७ चे ब्रीडिंगचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही असं स्पष्ट आहे. हे उगाच नाही. त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं तर समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो हे ते शिकतं, नाहीतर मग ते शिकवायला तुमच्या मुलाचे हात लागतात 😅

माझ्याकडे मागे एक कुटुंब 'दोन महिन्यांचं' पिल्लू घेऊन आलं होतं. तोंड उघडून बघितलं तर पुढचे दात जेमतेम वर आलेले, म्हणजे महिना-सव्वा महिना. लसीच्या पुस्तकात पेनाने दोन तारखा, बाटलीवरचं स्टिकर नाही, डॉक्टरची सही-शिक्का नाही. चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची शी, पार्वो (पिल्लांना होणारा विषाणूचा आजार), आणि नाही वाचलं. घरी येऊन चार दिवसांत झालं म्हणजे बहुतेक तिकडूनच घेऊन आलं होतं.

तर ब्रीडरकडे स्वतः जा, आणि आधी आईकडे बघा. ती तुमच्याजवळ येते का, मालकाचा हात वर गेला की दबते का, अंगावर केस आहेत का, कुठे बांधलीये. पिल्लं झालेली कुत्री थोडी उतरलेली असतेच, त्याला घाबरू नका, पण नुसता सापळा असेल तर निघून या. तिचं वय किती, ही कितवी वेत हे विचारा. नियमाप्रमाणे दीड वर्षाच्या आत तिला लावायची नाही, वर्षातून एकदाच, आणि जन्मात पाच वेतांपेक्षा जास्त नाही. कुत्री साधारण सहा महिन्यांनी हीटवर (माजावर) येते, त्यामुळे हावरट माणूस प्रत्येक हीटला लावतो, आणि मग चार-पाच वर्षांची कुत्री दहा वर्षांची दिसते.

लॅबमध्ये खुब्याचा आणि कोपराचा त्रास आनुवंशिक असतो, तेव्हा आई-वडिलांचे एक्स-रे काढलेत का हेही विचारा. आपल्याकडे बरेच जण काढत नाहीत. चांगला माणूस सरळ 'नाही काढले' म्हणेल, दुसरा म्हणेल 'आमच्या लाइनमध्ये असलं काही नसतं'. दुसऱ्यापासून लांब राहा.

आणि पेपरचं काय, ती काय वडापावबरोबरची एक्स्ट्रा चटणी आहे का! केनेल क्लब ऑफ इंडिया ही जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था, तिच्याकडे वेत नोंदवलेली असते किंवा नसते, पैसे दिले की उगवत नाही. शिवाय पेपरवरून आजी-आजोबा कळतात, तब्येत कळत नाही. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का तेही बघून घ्या, नुसतं 'हो आहे' नको, सर्टिफिकेट दाखवा म्हणायचं. 'डबल बोन' वगैरे सोडून द्या, असली काही जात नाही.

चांगला ब्रीडर उलट तुमचीच मुलाखत घेतो. दिवसभर घरी कोण असतं, लिफ्ट आहे का, आधी कुत्रा होता का त्याचं काय झालं. राग मानू नका. लॅब मोठा झाला की तीस किलोच्या आसपास जातो, लिफ्ट नसेल आणि म्हातारपणी त्याचे खुबे दुखायला लागले तर उचलून कोण नेणार हे तुमच्या ह्यांना आत्ताच विचारा. न जमल्यास परत घेईन हे जो लिहून देतो त्याच्याकडे दोन-चार महिने थांबावं लागलं तरी थांबा. मुलगा दोन वर्षं थांबलाच आहे की.

प्रश्न : आमचं पिल्लू गेल्या महिन्यात पार्वोने गेलं. दुसरं कधी आणू शकतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वाईट वाटलं वाचून. हा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो आणि नुसत्या फिनाइलने जाईल असं धरू नका. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. जुनं अंथरूण, भांडी टाकून द्या. अंगणातल्या मातीवर ब्लीचचा भरवसा नाही, म्हणून आता छोटं पिल्लू आणूच नका. लसीचे सगळे डोस झालेलं, चार-पाच महिन्यांच्या वरचं आणा, आणि गावठी चालणार असेल तर त्या वयाची भरपूर मिळतील.